विश्लेषण : संघ जिंकत होता, तरीही टिम टीबो चांगला क्वार्टरबॅक का ठरला नाही?

अमेरिकेतील एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये एखादा लोकप्रिय क्वार्टरबॅक चाचपडू लागला, की चाहत्यांत दोन तट पडतात. एक गट म्हणतो, संघ जिंकतोय ना, मग झाले. दुसरा म्हणतो, आधी आकडे बघा. या वादाचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण म्हणजे २०११ च्या मोसमातील डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाचा टिम टीबो. त्याने संघाला बाद फेरीत नेले, तिथे एक सामनाही जिंकून दिला आणि त्या मोसमानंतर एनएफएलच्या एकाही सामन्यात त्याला क्वार्टरबॅक म्हणून सुरुवातीपासून खेळायला मिळाले नाही. हा अन्याय होता का?

क्वार्टरबॅकचे नेमके काम काय?

अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात चेंडू बहुतेक वेळा क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो सहकाऱ्याकडे सोपवायचा, स्वतः घेऊन धावायचे की पुढे पळणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकायचा, हे अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूंना चुकवत दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. या सगळ्यात अचूक पास हे त्याचे मुख्य काम. बाकीचे गुण त्याच्या जोडीला येतात; त्याची जागा घेत नाहीत.

टीबो इतका लोकप्रिय कशामुळे?

फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना त्याने २००७ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानला जाणारा हाइझमन करंडक पटकावला. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा मान प्रथमच मिळाला होता. दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्या संघांतही तो होता. ख्रिस्ती धर्मप्रचारक आई-वडिलांचा हा मुलगा आपली श्रद्धा लपवत नसे. मैदानात एक गुडघा टेकून प्रार्थना करण्याची त्याची लकब ‘टीबोइंग’ नावाने जगभर पोहोचली. मात्र त्यामुळे त्याच्या खेळाविषयीचे मत हे त्याच्या श्रद्धेविषयीचे मत ठरू लागले. त्याचा पास चुकला असे म्हणणेही काहींना टोचू लागले, तर काहींना त्याचे यश बघवेना.

२०११ मध्ये काय घडले?

पहिल्या पाचपैकी चार सामने गमावल्यावर प्रशिक्षक जॉन फॉक्स यांनी काइल ऑर्टनला बसवून टीबोला संधी दिली. मायामीविरुद्ध शेवटची तीन मिनिटे उरली असताना संघ ०-१५ असा मागे होता. तो सामना डेन्व्हरने १८-१५ असा जिंकला. पुढच्या सामन्यात डेट्रॉइटने त्यांना धुऊन काढले, पण त्यानंतर सलग सहा विजय मिळाले. बाद फेरीत पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध जादा वेळेतील पहिल्याच चालीवर टीबोने डेमारियस थॉमसकडे पास टाकला, थॉमस धावत सुटला, चाल ८० यार्डांची ठरली आणि सामना संपला. त्या दिवशी टीबोच्या नावावर पासचे ३१६ यार्ड लागले. डेन्व्हर वेडे झाले.

आकडे काय सांगतात?

त्या मोसमात टीबोने साखळी फेरीत २७१ पास टाकले, त्यांपैकी १२६ सहकाऱ्यांच्या हाती पडले. हे प्रमाण ४६.५ टक्के होते. तेव्हा लीगची सरासरी साधारण ६० टक्के होती. कॅन्सस सिटीविरुद्धचा एक सामना तर डेन्व्हरने त्याच्या आठपैकी केवळ दोन पास यशस्वी होऊनही जिंकला. डावखुऱ्या टीबोची फेकही संथ होती. हात खाली नेऊन वर आणेपर्यंत बचावपटूला चेंडूचा अंदाज येत असे.

मग विजय कोणाचे?

विजय संघाचे होते. त्या सलग सहा विजयांपैकी चार सामन्यांत डेन्व्हरच्या बचावफळीने प्रतिस्पर्ध्याला १३ किंवा त्याहून कमी गुणांवर रोखले. शिकागोविरुद्ध तर ७-१० अशा पिछाडीवर असताना शिकागोच्या मॅरियन बार्बरने सीमेबाहेर जाऊन घड्याळ थांबवले आणि डेन्व्हरला आयता वेळ मिळाला. त्यानंतर मॅट प्रेटरने ५९ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली आणि जादा वेळेत ५१ यार्डांवरून सामना जिंकून दिला. श्रेय मात्र टीबोच्या खात्यात जमा झाले. अशी साथ दर आठवड्याला मिळत नाही. साखळीतील अखेरचे तीनही सामने डेन्व्हर हरले. शेवटच्या सामन्यात टीबोचे २२ पैकी सहाच पास यशस्वी झाले आणि संघ ३-७ असा हरला. समोर कॅन्सस सिटीकडून खेळत होता तोच ऑर्टन!

चाहते पूर्ण चुकले होते का?

नाही. टीबोने त्या मोसमात धावून ६६० यार्ड मिळवले. त्याच्या धावण्याच्या धाकामुळे बचावपटू पुढे सरसावत आणि मागे जागा मोकळी होई. स्टीलर्सविरुद्धचा तो पास याच मोकळ्या जागेत गेला. साखळीतील पहिल्या आठ सामन्यांत त्याने प्रतिस्पर्ध्याच्या हाती फारसे पासही दिले नाहीत. सामना अटीतटीचा असताना तो डगमगत नसे, हेही खरे. पण दुसरा उपाय उरला नाही की पास टाकावाच लागतो. बाद फेरीच्या पुढच्या सामन्यात न्यू इंग्लंडने तेच करायला भाग पाडले. टीबोचे २६ पैकी नऊ पास यशस्वी झाले आणि डेन्व्हरचा ४५-१० असा धुव्वा उडाला.

डेन्व्हरने कोणता निर्णय घेतला?

संघाची सूत्रे तेव्हा जॉन एल्वे यांच्याकडे होती. स्वतः डेन्व्हरला दोन सुपर बोल जिंकून देणाऱ्या या माजी क्वार्टरबॅकने मार्च २०१२ मध्ये पेटन मॅनिंगला करारबद्ध केले आणि टीबोला न्यू यॉर्क जेट्सकडे धाडले. मानेच्या दुखापतीमुळे मॅनिंग आधीचा अख्खा मोसम खेळला नव्हता, त्यामुळे यात धोका होता. पण ८-८ वर अडखळलेला संघ पुढच्याच मोसमात १३-३ वर पोहोचला. जेट्सकडे टीबोच्या वाट्याला मोसमभरात अवघे आठ पास आले.

धावणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल लीगच्या मनात आकस होता का?

टीबोचे समर्थक आजही असे म्हणतात. पण बाल्टिमोरचा लमार जॅक्सन २०१९ मध्ये १२०६ यार्ड धावला आणि एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच मोसमात त्याचे ६६.१ टक्के पास यशस्वी झाले होते. धावण्याला लीगचा विरोध नाही. पासला पर्याय म्हणून धावणे तिथे चालत नाही, इतकेच.

टीबो उत्तम फुटबॉलपटू होता, जिद्दी होता. चांगला क्वार्टरबॅक नव्हता. दुसऱ्या जागेवर खेळण्याची तयारी त्याने दाखवली ती २०२१ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर. जॅक्सनव्हिलने त्याला मोसम सुरू होण्याआधीच वगळले. टाळ्यांनी त्याचे एक नुकसान नक्की केले. पास सुधारण्याची किंवा जागा बदलण्याची निकड सर्वाधिक होती, तेव्हा ‘संघ जिंकतोय ना’ हे उत्तर सगळ्यांना पुरेसे वाटत होते. लाडक्या खेळाडूची पारख करायची तर निकालपत्रक क्षणभर बाजूला ठेवावे आणि त्याचे मुख्य काम तो कसे करतो, एवढेच पाहावे.