मोरीला बोळा, दरवाजा मोकळा



आज थोडं भांडायचं आहे. तुमच्याशी नाही, एका शब्दाशी. "कार्बन न्यूट्रल" हा तो शब्द. हल्ली तो कुठेही भेटतो. हॉटेलच्या माहितीपत्रकात, विमान कंपनीच्या जाहिरातीत, बँकेच्या वार्षिक अहवालात. नातवाने विचारलं, "आजी, म्हणजे नक्की काय गं?" मी त्याला माझ्या पद्धतीने सांगितलं. आपण किती धूर सोडतो ते आधी मोजायचं. मग जमेल तेवढा कमी करायचा. आणि जो कमी होत नाही त्याच्या बदल्यात दुसऱ्या कुणाला तरी पैसे द्यायचे, म्हणजे तो आपल्या वाटचा धूर वाचवेल. थोडक्यात काय, एकादशी आपली, उपास शेजाऱ्याचा, आणि साबुदाण्याचे पैसे आपण द्यायचे!

मी विज्ञान शिकवलेलं नाही. मराठी घेऊन बीए झाले आणि आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. कार्बनच्या टनांविषयी मी फार बोलू नये हे खरं. पण आज ज्या कंपनीबद्दल लिहिते आहे तिचा धंदाच मुळी शब्दांचा आहे, आणि शब्दांबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं मी समजते.

ही कंपनी म्हणजे रूपर्ट मर्डोक यांची न्यूज कॉर्पोरेशन. नाव परकं वाटलं तरी ती आपल्या दिवाणखान्यात पंचवीस वर्षं बसलेली होती. स्टार प्लसवरच्या सासवा-सुना तिच्याच, आणि २००८ मध्ये सुरू झालेलं आपलं स्टार प्रवाहसुद्धा तिचंच. २०१९ मध्ये हा सगळा पसारा डिस्नेकडे गेला. अमेरिकेतली फॉक्स न्यूज ही वाहिनी, लंडनची 'टाइम्स' आणि 'सन' ही वर्तमानपत्रं, ऑस्ट्रेलियातली ढीगभर दैनिकं, २००७ च्या अखेरीस विकत घेतलेलं 'वॉल स्ट्रीट जर्नल', हे सगळं याच घराण्याचं. २०१३ मध्ये कंपनीचे दोन भाग झाले, एकात वर्तमानपत्रं आणि दुसऱ्यात टीव्ही आणि सिनेमा. पण दोन्हीकडच्या किल्ल्या घरातच राहिल्या.

तर झालं असं. मर्डोक यांचा धाकटा मुलगा जेम्स तेव्हा ब्रिटनमधली बीस्कायबी ही टीव्ही कंपनी चालवत होता. २००६ मध्ये त्याने ती कंपनी कार्बन न्यूट्रल झाल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी न्यूज कॉर्पोरेशनच्या वरिष्ठांच्या मेळाव्यात अल गोर यांना बोलावून हवामानबदलावर त्यांचं व्याख्यान ठेवण्यात आलं. आणि मे २००७ मध्ये न्यूयॉर्कला थोरल्या मर्डोकसाहेबांनी स्वतः भाषण केलं. हवामानबदलाचा धोका भयंकर आहे, आपली कंपनी २०१० पर्यंत कार्बन न्यूट्रल होईल, असं ते म्हणाले. कंपनीचा वर्षाचा धूर मोजून झाला होता. तो भरला सुमारे ६ लाख ४० हजार टन.

आणि त्यांनी शब्द पाळला, हे मी मोकळेपणाने सांगते. दिवे बदलले, इमारती सुधारल्या. अनिल कपूरनेही पुढे ज्यात काम केलं त्या '२४' नावाच्या मालिकेचं २००९ मधलं सातवं पर्व तर धुराचा हिशेब ठेवून काढलं. चित्रीकरणाच्या गाड्यांत जैवइंधन घातलं आणि उरलेल्या धुराच्या बदल्यात भारतातल्या पवनचक्क्यांना पैसे दिले. म्हणजे एकादशीचा शेजारी तो आपणच! मार्च २०११ मध्ये सगळी कंपनी कार्बन न्यूट्रल झाल्याचं जाहीर झालं. एवढ्या मोठ्या कंपनीत हे काम करणाऱ्या माणसांनी घाम गाळलाच असणार. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

माझं भांडण पुढेच आहे. त्याच २००७ च्या भाषणात मर्डोक एक फार महत्त्वाची गोष्ट बोलून गेले. ते म्हणाले की आमच्या कंपनीचा जेवढा धूर आहे त्याच्या दहा हजार पट आमच्या वाचकांचा आणि प्रेक्षकांचा आहे, आणि आम्हाला हात घालायचा आहे तो या धुराला.

मंडळी, इथे थांबा आणि साधं गणित करा. कंपनीचा धूर एक रुपया धरा. मग प्रेक्षकांचा झाला दहा हजार रुपये. कंपनीने आपला धूर पार पुसून टाकला, तर वाचला एक रुपया. प्रेक्षकांनी फक्त एक टक्का कमी केला, तर वाचले शंभर रुपये. आणि प्रेक्षकांना कुणी पटवून दिलं की काही करायची गरजच नाही, हे सगळं शास्त्रज्ञांचं खूळ आहे, तर ते दहा हजारच्या दहा हजार तसेच राहिले. वर ज्या कायद्यांनी ते कमी झाले असते ते कायदेही लांबले. हे गणित माझं नाही, मालकांचंच आहे. मी फक्त पुढची पायरी मांडली.

आता बघा, त्या दहा हजारांचं काय केलं.

डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनला हवामानबदलावर जागतिक परिषद चालू होती. तेव्हा फॉक्स न्यूजच्या वॉशिंग्टन कार्यालयातले व्यवस्थापकीय संपादक बिल सॅमन यांनी आपल्या बातमीदारांना एक ईमेल धाडलं. पृथ्वी तापली आहे (किंवा थंड झाली आहे) असं सांगायची वेळ आली, तर ज्या माहितीवर हे आधारलं आहे तिच्यावर टीकाकारांनी शंका घेतली आहे, हेही तिथल्या तिथे सांगितल्याशिवाय राहू नका, असं त्यात होतं. डिसेंबर २०१० मध्ये हे ईमेल जगासमोर आलं. तीनच महिन्यांनी कंपनी कार्बन न्यूट्रल झाल्याची घोषणा झाली!

२०१२ मध्ये 'युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स' या अमेरिकी संस्थेने फॉक्स न्यूजच्या रात्रीच्या मुख्य कार्यक्रमांतले सहा महिन्यांचे हवामानबदलाचे उल्लेख तपासले. ४० पैकी ३७ दिशाभूल करणारे निघाले. म्हणजे ९३ टक्के. माझ्या वर्गात कुणाला चुकीच्या उत्तरांत ९३ टक्के मिळाले असते तर मी त्याच्या पालकांना बोलावलं असतं.

२०१४ मध्ये मर्डोक स्वतःच एका मुलाखतीत म्हणाले की या हवामानबदलाकडे भरपूर संशयाने पाहायला हवं. सात वर्षांपूर्वी ज्याचा धोका भयंकर होता तो हाच हवामानबदल! नोव्हेंबर २०१९ मध्ये भागधारकांच्या सभेत प्रश्न आला, तर म्हणाले की हवामानबदल नाकारणारे आमच्याकडे कुणीच नाहीत. त्याच वेळी ऑस्ट्रेलियात वणवे पेटलेले होते. त्या उन्हाळ्यात तीसहून जास्त माणसं आणि अगणित जनावरं गेली. जानेवारी २०२० मध्ये खुद्द जेम्स मर्डोक आणि त्यांच्या पत्नी कॅथरीन यांनी प्रवक्त्यामार्फत जाहीर केलं की आपल्याच कुटुंबाच्या माध्यमांतून, विशेषतः ऑस्ट्रेलियात, हवामानबदल अजूनही नाकारला जातो याने आम्ही निराश झालो आहोत. जुलै २०२० मध्ये जेम्स यांनी न्यूज कॉर्पच्या संचालक मंडळाचा राजीनामा दिला. राजीनाम्यात काही संपादकीय मजकुराबद्दलच्या मतभेदांचं कारण होतं. ज्याने या घरात कार्बनची मोजदाद आणली, तोच घराबाहेर पडला.

आपल्याकडे म्हण आहे, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे ती उलटी झाली आहे. स्वतःच्या घरात ब्रह्मज्ञान आणि लोकांना पाषाण व्हायची शिकवण! याला नेमकी बसणारी म्हण शीर्षकात आहे. मोरीला बोळा घातला, त्याचा दाखला मिळवला, तो भिंतीवर लावला. आणि पुढचा दरवाजा सताड मोकळा.

माझ्या क्षेत्रातलं उदाहरण देते. समजा एका शाळेने आवारात झाडं लावली, छतावर सौरदिवे बसवले, पाण्याचा थेंब वाया जाऊ दिला नाही. शिक्षणाधिकारी आले, बघून खूश झाले, शाळेला पुरस्कार दिला. आणि वर्गात काय चाललंय, तर मास्तर शिकवताहेत की पृथ्वी सपाट आहे. अशा शाळेला तुम्ही "आदर्श" म्हणाल का? शाळा झाडांसाठी नसते, शाळा वर्गासाठी असते. तसंच वर्तमानपत्र हे दिव्यांसाठी आणि गाड्यांसाठी नसतं. सिमेंटचा कारखाना सिमेंट करतो, म्हणून त्याचा धूर भट्टीत मोजायचा. माध्यम कंपनी माणसांची मतं घडवते. तिचा खरा धूर तिच्या मजकुरात आहे.

गंमत म्हणजे हा मजकूर कुठल्याच हिशेबात येत नाही. जगभरच्या कंपन्या ज्या पद्धतीने धूर मोजतात तिच्यात तीन रकाने आहेत. पहिल्यात स्वतः जाळलेलं इंधन, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज, तिसऱ्यात बाकी सगळं: कच्चा माल, वाहतूक, कर्मचाऱ्यांचा प्रवास, विकलेल्या वस्तूचा वापर. छापलेल्या अग्रलेखासाठी रकाना नाही. म्हणून असा दाखला बेलाशक मिळतो, आणि तो खोटाही नसतो. हीच तर पंचाईत आहे.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "बाई, पण हे मतस्वातंत्र्य आहे. संपादकांना आपलं मत मांडू द्यायला नको का?" जरूर मांडू द्या. कोळशावर कर लावावा की नाही, अणुवीज बरी की सौर, गरीब देशांनी किती भार उचलावा, यावर शंभर मतं असू देत. मी स्वतः भारताच्या बाजूने कडाकडा भांडेन. पण पृथ्वी तापते आहे की नाही हे मत नव्हे, ते थर्मामीटरवरचं वाचन आहे. सात आठे छप्पन्न यावर वादविवाद स्पर्धा घेत नाहीत. आणि बातमीदाराला वरून ईमेल येतं की अमुक वाक्य अमुक शेपूट जोडल्याशिवाय म्हणू नका, तेव्हा स्वातंत्र्य नक्की कुणाचं राहिलं?

दुसरे म्हणतील, "काहीच न करण्यापेक्षा थोडं केलं ते बरं." एरवी हे मलाही पटतं. पण इथे त्या थोड्याचा उपयोग ढालीसारखा झाला. आमच्या पानांवर काय छापता असं विचारलं की उत्तर यायचं, अहो, आम्ही तर कार्बन न्यूट्रल! अशा वेळी थोडं चांगलं हे मोठ्या वाइटाला पांघरूण घालतं.

आणि दुसरा मार्ग नव्हताच असंही नाही. लंडनच्या 'गार्डियन'ने जानेवारी २०२० मध्ये तेल आणि कोळसा काढणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या लेखकांसाठीच्या शब्दांच्या नियमावलीतही बदल केले, "हवामान आणीबाणी" सारखे शब्द वापरायला सांगितले. शब्द पटला नाही तरी चालेल. मुद्दा हा की तिथे कुणीतरी दिव्यांबरोबर मजकुराचाही विचार केला, आणि पैशावर पाणी सोडून केला.

शब्दांची किंमत मोजता येत नाही असंही कुणी सांगू नये. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीत मतमोजणी यंत्रांनी गडबड केली असं फॉक्स न्यूजवर वारंवार सांगितलं गेलं. यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने बदनामीचा दावा लावला, आणि एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. बघा, खोट्या शब्दांची पै न् पै मोजता आली! फरक इतकाच की डोमिनियनला वकील होता. हवेला वकील नाही, आणि आज पाळण्यात असलेल्या पोरांनाही नाही.

शेवटी थोडं आपल्याकडे बघू. आपली मराठी वर्तमानपत्रं इतकी टोकाला गेलेली नाहीत, हे समाधान आहे. पण अवकाळी पावसात द्राक्षबाग झोपली की मथळा येतो "निसर्ग कोपला". पाऊस लांबला की "वरुणराजा रुसला". मराठीची शिक्षिका म्हणून मला हे शब्द खटकतात. कोपणं आणि रुसणं हे देवांचे आणि सासऱ्यांचे धंदे. त्यात कारण विचारायचं नसतं, फक्त हात जोडायचे असतात. आपण गेली दीडशे वर्षं कोळसा आणि तेल जाळतो आहोत, त्याने हवा तापते, तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि मग ते एकदम कोसळतं. हे चार ओळींत सांगता येतं आणि सातवीच्या मुलाला समजतं. मग मथळ्याखाली ते का येत नाही?

म्हणून माझी एक सूचना आहे. यापुढे कुठल्याही वर्तमानपत्राने किंवा वाहिनीने आपण इतके टन धूर वाचवल्याचं सांगितलं की आपण आधी मनापासून अभिनंदन करावं. आणि मग संपादकांना पोस्टकार्डाएवढं पत्र लिहून दोनच प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षभरात या विषयावर तुम्ही जे छापलंत त्यातलं खरं किती होतं ते तपासलंत का? आणि कुणाच्या जाहिराती कुठल्या बातमीशेजारी लावल्यात? उत्तर येईलच असं नाही. पण शंभर पत्रं गेली तर कुणीतरी एक फाइल उघडेल, एवढा अनुभव मला सरकारी पत्रव्यवहारातून नक्की आहे.

असो. बरंच लांबलं. ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर भांडावं. मी पहिलं पत्र उद्याच टाकते आहे, आमच्याकडे रोज येणाऱ्या पेपरालाच.