मधल्या ओट्याची वायर

आपल्याकडे घर बांधायचं म्हटलं की आधी मुहूर्त निघतो, मग पत्रिका छापल्या जातात आणि टाइल्सचा रंग ठरवायला अख्खं घर अकोल्याला जाऊन येतं. वायरमनला मात्र सगळ्यात शेवटी बोलावतात. भिंतीपुरतं हे खपून जातं. खाच पाडली, पाइप बसवला, वरून गिलावा केला, की झालं काम! पण ओटा खोलीच्या मधोमध असेल तर? तिथे जायला भिंतच नाही. वीज एक तर जमिनीतून जाणार, नाहीतर छतातून. आणि जमिनीत एकदा काँक्रीट पडलं की मग छिन्नी-हातोडा किंवा एक्स्टेंशन बोर्ड, एवढंच हातात राहतं.

मोठ्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये या मधल्या ओट्याला 'आयलंड किचन' म्हणतात. आता बुलडाणा-खामगावच्या बंगल्यांच्या नकाशातही तो दिसू लागलाय. होस्टेलवाल्यांना मात्र त्याचं कौतुक नाही. कारण मेसमध्ये तो पहिल्यापासून आहे! भाजी तिथेच चिरायची, पोळ्या तिथेच लाटायच्या, कणीक मळायचं मशीन आणि मोठा मिक्सरही तिथेच. मी ज्या मेसमध्ये दोन वर्षं जेवलो (नाव सांगत नाही, पोळ्या चांगल्या होत्या), तिथे या मशीनची वायर भिंतीतल्या सॉकेटपासून थेट फरशीवरून जायची. वर पोतं टाकलेलं. रोज दोनदा फरशी धुतली जायची आणि १९ किलोचं गॅस सिलेंडर त्याच पोत्यावरून गडगडत न्यायचे. मावशी अनवाणी. विचारलं तर म्हणाल्या, "काई नाई होत बाबू, कधीमधी झिणझिण्या येतात फक्त."

या 'फक्त'चं गणित करू. ओला हात आणि ओले पाय असताना शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरा. दाब २३० व्होल्ट. म्हणजे प्रवाह झाला २३० मिलिॲम्पिअर. हृदयाची लय बिघडवायला याच्या पाव हिस्साही पुरू शकतो. आता बोर्डावरचा १६ ॲम्पिअरचा एम.सी.बी. बघा. त्याचे १६ ॲम्पिअर म्हणजे १६,००० मिलिॲम्पिअर. माणसातून जाणारे हे २३० त्याच्या खिजगणतीतही नाहीत, तो मुळी पडणारच नाही. "एम.सी.बी. आहे ना" असं म्हणून निर्धास्त होणारे आपल्या इलेक्ट्रिकल ब्रँचमध्येही कमी नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

काँक्रीट म्हणजे दगड, त्यातून कुठे वीज जाते, असंही काहींना वाटतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कोरड्या जमिनीत दारूगोळ्याच्या कोठारांना नीट अर्थिंग मिळेना, तेव्हा हर्बर्ट उफर या अभियंत्याने पायाच्या काँक्रीटमधलं लोखंडच अर्थिंगसाठी वापरलं, आणि ते चाललं. वाळवंटात चाललं तर आपल्या मेसच्या धुतलेल्या फरशीचं काय सांगावं!

तर माझं म्हणणं सरळ आहे. मधला ओटा नकाशात आला की त्याचा पाइप काँक्रीटच्या आधी पडला पाहिजे, आणि जागा ठरवताना तिथे काम करणारी बाई हजर पाहिजे. दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. कारण पाइप टाकूनही वाया गेलेला मी पाहिलाय. आर्किटेक्टने ओटा जिथे दाखवला तिथे तोंड वर काढलं. पण तिथून चुलीकडे ये-जा होईना, म्हणून ओटा दोन फूट सरकला. मग रस्त्यात उभा राहिलेला तो पाइप ठेचा लागतात म्हणून कापून बुजवून टाकला. आणि पुन्हा पोत्याखालची वायर! स्वयंपाकीणबाईंना पाच मिनिटं विचारलं असतं तर?

वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर असेल तर काम त्या मानाने सोपं. स्लॅबची खालची जाळी बांधून झाली की तिच्यावर २५ मि.मी.चा जाड पी.व्ही.सी. पाइप बांधायचा. वळणाला काटकोनी एल्बो नको, लांब बेंड हवा, नाहीतर वायर ओढताना घाम फुटतो. आत जी.आय.ची तार सोडून तोंडं घट्ट बंद करायची, कारण स्लॅबच्या दिवशी कोणाचा तरी पाय पडतो, व्हायब्रेटर लागतो, सांधा निसटतो आणि आत सिमेंटचं पाणी शिरतं. एकाऐवजी दोन पाइप टाका, दुसरा रिकामा राहू द्या. स्लॅब होऊन गेलाय पण फरशी बसायची आहे? तर फरशीखालच्या मालात २० मि.मी.चा पाइप लपतो. तीही वेळ गेली असेल तर कृपा करून स्लॅब फोडू नका! सव्वाशे मि.मी.च्या स्लॅबमध्ये खोल खाच पाडताना सळई केव्हा कापली जाते ते फोडणाऱ्याला कळतही नाही. सरळ छतावरून पाइप खाली सोडा. बघणारे नाक मुरडतील, मुरडू द्या.

तळमजल्याची गोष्ट वेगळी, आणि इथे आपला जिल्हा आडवा येतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंत पायावर उभी असते, फरशी भरावावर. दोघी सारख्या हलत नाहीत. मग पाइप भिंतीतून फरशीत उतरतो नेमक्या त्या वळणावर तडकतो. म्हणून खाली मुरुमाचा भराव नीट ठोकून घ्यायचा आणि वायरीला थोडी ढील ठेवायची. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाण पट्टा, तिथे लोखंडी पाइप जमिनीत गाडायचा विचारही नको. आणि कुठेही असो, ओट्यापाशी पाइपाचं तोंड फरशीच्या पातळीत ठेवू नका. वीतभर वर आणा, भोवती छोटा कट्टा करा. सॉकेट ओट्याच्या कडेला, पाण्याच्या वर. नाहीतर धुतलेलं सगळं पाणी पाइपात.

एवढं करूनही मशीनच्या आतली वायर कधीतरी सोलवटणारच. त्यासाठी अर्थिंग हवं आणि ३० मिलिॲम्पिअरची आर.सी.सी.बी. हवी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह ती सतत ताडून बघते. हिशेब जुळला नाही, म्हणजे कुठेतरी वीज माणसातून किंवा फरशीतून चालली, की क्षणात लाइन तोडते. हे तत्त्व घराघरांत पोहोचण्यामागे कॅलिफोर्नियातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांचं मोठं काम आहे. किती प्रवाहाला माणसाचा हात वायरीवरून सुटत नाही, हे त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं आणि १९६१ मध्ये असं उपकरण बनवलं.

आपल्या मेसमध्ये ती आहे का, हे आज रात्री जेवायला जाल तेव्हा बघा. बोर्डावर 'टी' अक्षराचं छोटं बटण असतं. रेक्टर सरांना किंवा मेसच्या काकांना सांगून, मशीन बंद असताना, ते महिन्यातून एकदा दाबायचं. खट्कन खटका पडला तर ठीक. नाही पडला तर दुसऱ्या दिवशीच्या पोळ्या हाताने मळलेल्या कणकेच्या खायच्या, आणि वायरमनला त्याच सकाळी बोलवायचं.

— अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी