फाईल आमची, गोदाम त्यांचे!

बाबासाहेबांचे पुस्तक हवे, असे म्हणताच आज कार्यकर्ता मोबाईलवर लिंक पाठवतो आणि क्षणात पुस्तक उतरते. ते कुणाच्या गोदामातून आले, याचा विचार आम्ही करीत नाही. तो आता केला पाहिजे.

फाईल साठवणाऱ्या कंपनीचे काम सरळ आहे. आपण चढवलेली फाईल तिच्या सर्व्हरवर राहते व आपल्याला लिंक मिळते. ज्याच्या हाती लिंक, त्याच्या हाती फाईल. आत घरचे फोटो आहेत की दुसऱ्याचा सिनेमा, हे कंपनी बहुधा आधी पाहत नाही. तक्रार येताच फाईल हटवायची, या अटीवर कायदा तिला संरक्षण देतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनुसार अशी फाईल २१ दिवस बंद ठेवायची. तोवर न्यायालयाचा आदेश आला नाही, तर ती पुन्हा खुली करता येते.

१९ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकी सरकारने 'मेगाअपलोड' बंद पाडले. चोरीच्या सिनेमा-गाण्यांवर कंपनी जाणूनबुजून पैसा कमावते, असा आरोप होता. संस्थापक किम डॉटकॉम यांना न्यूझीलंडमध्ये अटक झाली. पण ज्यांनी स्वतःचेच काम तिथे ठेवले होते, त्यांच्या फाईलीही अडकल्या. भांडण बड्यांचे, नुकसान सामान्यांचे!

आता आपल्या घरचा प्रश्न. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराईट संपतो. म्हणून 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'सारखे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१६ अखेर मुक्त झाले. मात्र निधनानंतर प्रथम छापलेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ साली प्रसिद्ध झाले; या हिशेबाने ते २०४७ अखेरपर्यंत बंधनात आहे. अनुवादकाचा हक्क तर स्वतंत्रच असतो.

आणि आजच्या आंबेडकरी लेखकाचे काय? दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर स्टॉल लावणारा आमचा छोटा प्रकाशक कर्ज काढून पुस्तक छापतो. त्याची पीडीएफ फुकट वाटणे ही समाजसेवा नव्हे. आपल्याच माणसाच्या पोटावर पाय आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जे मुक्त आहे ते मुक्तहस्ते वाटा, पण त्याची प्रत विहारातील वाचनालयात, संघटनेच्या संगणकावरही ठेवा. जे हयात लेखकाचे आहे ते विकत घ्या. विचारांचा वारसा परक्या गोदामाच्या भरवशावर सोडणे आम्हाला परवडणारे नाही.