नकलेचा नफा कोणाच्या पदरात?

2022 च्या जानेवारीत ॲपल कंपनीच्या ॲप स्टोअरवर फुकट मिळणाऱ्या एका खेळाने लोकप्रियतेच्या यादीत वरचे स्थान मिळवले. नव्या घरात खोकी उघडून एकेक वस्तू जागच्या जागी लावायची, एवढाच तो खेळ. परंतु त्याचा मूळ कर्ता वेगळाच होता. ब्रिस्बेन येथील विच बीम या छोट्या संस्थेचा 'अनपॅकिंग' हा खेळ नोव्हेंबर 2021 मध्ये संगणकावर व कन्सोलवर आला होता. मोबाइलवर तो अद्याप यायचा होता. नेमकी ती रिकामी जागा नकलेने व्यापली. विच बीमने जाहीर तक्रार केल्यावर नक्कल मागे घेण्यात आली, हे खरे. मूळ खेळ मोबाइलवर येण्यास मात्र 2023 साल उजाडावे लागले.

अशा प्रसंगी हक्कांचे कायदे अधिक कडक करा, अशी मागणी हमखास होते. ती वरवर न्याय्य वाटते. परंतु हक्क कडक झाला म्हणजे श्रमाचे मोल श्रमकर्त्याला मिळतेच, असे इतिहास सांगत नाही. 'टेट्रिस'चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी हा खेळ 1984 मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात रचला. हक्क सरकारकडे गेले आणि सरकारी निर्यात संस्थेने ते परदेशी कंपन्यांना दिले. 1989 मध्ये निन्टेन्डोच्या 'गेम बॉय'बरोबर हा खेळ जगभर पोचला व त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. पाजित्नोव्ह यांना मानधनाचा वाटा मिळू लागला तो 1996 पासून. बारा वर्षे हक्क शाबूत होता, फक्त तो कर्त्याच्या हाती नव्हता. नव्वदीच्या दशकात आपल्या बाजारांत 'ब्रिक गेम' या नावाने जी स्वस्त यंत्रे विकली गेली, त्यांतही हाच खेळ होता; त्या विक्रीतून त्याला काय मिळणार?

पुढे 2009 मध्ये आयफोनवर 'मिनो' नावाची टेट्रिसची नक्कल निघाली. खेळाचे नियम ही कोणाची मालमत्ता नाही, असा नकलकारांचा बचाव होता. 2012 मध्ये न्यू जर्सीतील संघीय न्यायालयाने नियम मुक्त आहेत हे मान्य केले. परंतु तुकड्यांचे आकार, पटाची मापे, एकंदर रूप जसेच्या तसे उचलणे बेकायदा ठरवले. हा भेद विवेकाचा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही आर. जी. आनंद खटल्यात 1978 मध्ये, कल्पनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तिच्या आविष्कारावर असतो, असेच तत्त्व सांगितले आहे. कल्पनांना कुंपण घातले तर उद्याच्या नव्या कर्त्यांचीच वाट अडेल.

तेव्हा उणीव तत्त्वात नाही, न्याय मिळण्याच्या गतीत आहे. 'मिनो'चा निकाल लागण्यास दोन वर्षांहून अधिक काळ गेला, आणि वादी पक्ष तो खर्च पेलू शकणारा होता. फुकट नकलेचे आयुष्य थोडे असते. तेवढ्या अवधीत ती जाहिरातींतून आपली कमाई करून घेते. पाच-सहा माणसांच्या संस्थेने परदेशात वकील शोधावा, तोवर नकलकाराने गाशा गुंडाळलेला असतो.

या व्यवहारात निर्धास्त असतो तो दुकानाचा मालक. ॲपल व गूगल खेळाच्या विक्रीवर दलाली घेतात. तिचा सर्वसाधारण दर दीर्घकाळ 30 टक्के राहिला आहे. शोधयादीत वर झळकण्याची जागा ते पैसे घेऊन विकतात, आणि गूगलचे तर स्वतःचे जाहिरातींचे जाळेही आहे. माल अस्सल असो वा नकली, भाडे वसूल होतेच. नकलांना मज्जाव करणारा नियम ॲपलच्या नियमावलीत आहे; पण त्याची आठवण बहुधा तक्रारीनंतर होते. बाजारपेठेचा मालक प्रत्येक गाळ्याचे भाडे मोजून घेतो आणि चोरीचा माल दिसला की 'आपण केवळ जागा देतो' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा खेळ 2020 मध्ये प्रथम निन्टेन्डोच्या कन्सोलवरच आला. कन्सोलवर नाव कमवावे आणि मग मोबाइलकडे वळावे, या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक लहान संस्थेला मधल्या काळात हाच धोका आहे.

म्हणून मागणी हवी ती मर्यादित आणि नेमकी. सकृद्दर्शनी पुराव्यासह तक्रार येताच दुकानाने ठरावीक दिवसांत निर्णय द्यावा. तोवर नकलेची कमाई राखून ठेवावी. नक्कल सिद्ध झाल्यास ती रक्कम, दुकानाच्या दलालीसह, मूळ कर्त्याला द्यावी. आणि खोटी तक्रार करणाऱ्यालाही दंड असावा, म्हणजे बड्या कंपन्या हेच शस्त्र लहानांवर उगारणार नाहीत. कल्पना सर्वांची राहू द्यावी, श्रमाचे फळ मात्र श्रम करणाराचे असावे. नकलेत नफा उरला नाही, तर नकलकार शोधत बसण्याची गरजही फारशी उरणार नाही.