अंगावरचं दूध आणि भट्टीचा बयाणा



"सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध पाजा, पाणीसुद्धा देऊ नका," असं दवाखान्यात, अंगणवाडीत सांगतात. ते खरंच आहे. बाळाला लागणारं पाणी त्या दुधातच असतं. वरचं घाण पाणी तान्ह्याच्या पोटात गेलं की हगवण लागते, पोर सुकतं. पहिला पिवळा चीकही टाकायचा नसतो. काही घरांत म्हाताऱ्या तो पिळून टाकायला लावतात, गूळपाणी चाटवतात. हे आपलं आपणच थांबवायला पाहिजे.

पण सगळा दोष आईच्या माथी मारायचा, हे आम्हाला पटत नाही. बाय, तुला पाजायला वेळ कोण देतो, हे कुणी विचारतं का?

दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवरची घरं भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात. शेठ बयाणा देतो तो नवरा-बायकोच्या जोडीला. मजुरी हजार विटांवर. बाई पाजायला बसली की तेवढ्या विटा कमी, बयाणा फिटायचा तेवढा राहिला. मग पोर झोळीत रडतं, नाहीतर मोठी बहीण पाण्यात बिस्कीट बुडवून भरवते. मोळी, रानभाजी घेऊन पहाटेच्या लोकलने कल्याणला जाणारीचंही तेच. पोर घरी राहतं, छाती दाटून दुखते, हळूहळू दूध आटतं.

कायद्यानं, कामावर परतलेल्या बाईला बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायची सुट्टी आहे. भट्टीवर ती कोण देतो? अमृत आहार योजनेत बाळंतिणीला सहा महिने एक वेळचं गरम जेवण आहे. पण जेवण गावच्या अंगणवाडीत आणि बाई भट्टीवर!

म्हणून हा प्रश्न जमिनीचाही आहे. प्लॉट कसायला मिळाला, घरात दाणे आले, तर बाळंतिणीला बयाण्याच्या मागे जावं लागणार नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. दावे लावून धरा.

तोवर येत्या ग्रामसभेत हे ठराव करा:

1) तान्ह्या पोराच्या आईला बयाण्याच्या जोडीत धरायचं नाही.
2) दिवाळीनंतर गावातच रोजगार हमीचं काम काढा. कामावर पाच वर्षांखालची पाच पोरं असली तर ती सांभाळायला एक बाई मजुरीवर ठेवावी लागते, तसा कायदा आहे. ती मागा.
3) भट्टीवर गेलेल्या बाळंतिणीला जवळच्या अंगणवाडीतून जेवण मिळावं.

आणि बाप्यांनो, बाई पाजायला बसली की चूल तुम्ही बघा. त्याला कुठला कायदा लागत नाही.

जिंदाबाद!