'नेक्स्ट' कुणी दाबलं?

स्पीकर एक, गाण्यांची रांग एक आणि रिमोट अख्ख्या ऑफिसच्या हातात. भांडण होणारच की!

आमच्याकडे एका जुन्या पीसीवर एमपीडी, म्हणजे 'म्युझिक प्लेअर डीमन' टाकलाय. २००३ पासूनचं हे फुकट सॉफ्टवेअर. गाणी वाजतात सर्व्हरवर, हुकूम येतात नेटवर्कवरून. आणि हुकूम तरी कसले, साधे शब्द! ६६०० नंबरच्या पोर्टला टेलनेटने जोडून घ्या, 'नेक्स्ट' टाइप करा, एंटर मारा. जमलं तर उत्तर 'ओके', फसलं तर 'अ‍ॅक' आणि पुढे काय चुकलं ते. बस्स! म्हणूनच चार ओळींची स्क्रिप्टसुद्धा रिमोट बनू शकते.

माझी लाडकी कमांड 'आयडल'. पूर्वी रिमोट सारखा विचारत बसायचा, 'गाणं बदललं? आता बदललं?' २००८ सालच्या ०.१४ आवृत्तीपासून तो एकदा 'आयडल' म्हणतो नि गप्प बसतो. काही बदललं की सर्व्हरच हाक मारतो.

पण परवा माझं गाणं कुणीतरी मध्येच उडवलं. कुणी? पत्ताच नाही! गाणं कुणी टाकलं, कुणी उडवलं, हे सांगायची सोयच या प्रोटोकॉलमध्ये नाही. पासवर्डप्रमाणे परवानग्या मात्र वेगळ्या देता येतात: कुणाला नुसतं बघता येईल, कुणाला गाणं टाकता येईल, कुणाला सगळंच. (पासवर्डही उघड्या अक्षरांतच जातो, तेव्हा बँकेचा वापरू नका.)

शेवटी सगळ्यांचंच 'नेक्स्ट' काढून घेतलं. आता अकाउंट्सच्या मॅडमची भजनं आम्ही पूर्ण ऐकतो. आणि त्या माझं रॉक.