सूर्यफुलाची पाठ

परवा सकाळी आमच्या पुण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सूर्यफूल उमललं. ऑफिसचा कॉल म्यूट करून बघायला धावलो, तर काय, स्वारी बाहेर तोंड करून उभी! हॉलमधून दिसतात ती फक्त पाठीमागची हिरवी पानं. माती आम्ही आणली, अडीच महिने पाणी आम्ही घातलं, आणि दर्शन मात्र समोरच्या बिल्डिंगला!

कुंडी फिरवायला हात घातला, तेवढ्यात आई म्हणाली, "राहू दे की रे. शाळेतून पश्चिमेकडच्या वाटेनं यायचो तेव्हा अख्खं शेत असंच पाठ करून उभं असायचं." आईचं माहेर लातूरकडचं. मी आपला गप्प बसलो.

आईचं म्हणणं शास्त्राला धरून आहे बरं का. कोवळं रोप दिवसभर सूर्यामागे पूर्वेकडून पश्चिमेकडे वळतं. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, रात्री पश्चिमेकडची, त्यामुळे पहाटेपर्यंत शेंडा परत पूर्वेला. फूल पूर्ण उमललं की खोडाची वाढ थांबते आणि ते कायमचं पूर्वेला तोंड करून राहतं. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे 'सायन्स'मध्ये छापलं. गंमत म्हणजे त्यांनीही कुंड्या फिरवून बघितल्या होत्या! वाढत्या रोपांच्या कुंड्या रोज संध्याकाळी उलट्या फिरवल्या, तर रोपांची वाढ सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरली. उमललेली फुलं पश्चिमेला वळवली, तर पूर्वेकडे बघणाऱ्या फुलांवर सकाळी त्यांच्या पाचपट मधमाश्या वगैरे आल्या. कारण साधं आहे, पूर्वेकडचं फूल सकाळी लवकर तापतं.

आता माझं मत. आपण आयटीवाले झाडाकडेसुद्धा गॅजेटसारखं बघतो. सोफ्यावरून कसं दिसेल, फोटोत कसं येईल, ही आपली रिक्वायरमेंट. पण सूर्यफुलाचा युझर आपण नाहीच, सूर्य आणि मधमाशी आहेत. त्यांच्यासाठी हे डिझाइन तयार झालंय, तेही आपल्या फ्लॅटचं बुकिंग व्हायच्या कितीतरी आधी.

कोणी म्हणेल, मनीप्लांटची कुंडी तर सगळेच फिरवतात. जरूर फिरवा, त्याने तो सगळीकडून सारखा वाढतो. पण प्रत्येक झाडाला एकच नियम लावायचा ही आपली जुनी खोड. पहिल्या वेळी मी तेच केलं. छोट्या कुंडीत रोपं केली, ती वीतभर झाल्यावर मोठ्या कुंडीत हलवली. चारही माना टाकून मोकळी! सूर्यफुलाचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि ते दुखावलेलं त्याला खपत नाही. त्यामुळे बी थेट मोठ्या कुंडीतच लावायचं.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात: 'टेडी बेअर'सारखी बुटकी जात घ्या. निदान बारा इंची खोल कुंडी, तळाला भोकं. माती, कंपोस्ट आणि थोडं कोकोपीट. बी इंचभर खोल. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. एका कुंडीत एकच रोप ठेवा, बाकीची काढताना जीव तुटला तरी! जास्तीत जास्त ऊन हवं, सहा तासांच्या वर मिळालं तर उत्तम. उन्हाळ्यात रोज पाणी. आणि मुख्य म्हणजे कुंडीची जागा आधी ठरवा, मग तिला हात लावू नका.

हे झाड हंगामी आहे. फूल सुकलं की खेळ संपला, पुन्हा बी लावा. म्हणजे जेमतेम काही दिवसांचं फूल, आणि तेही आपल्याकडे पाठ करून. मग फायदा काय?

काल ऑफिसला निघालो तर खाली वॉचमनकाका वर बघत उभे. म्हणाले, "साहेब, तुमचं फूल झकास आलंय. सकाळी माश्या पण येतात." चार वर्षं आम्ही एकमेकांना नुसती मान हलवतोय. काल पहिल्यांदा दहा मिनिटं बोललो. त्यांच्या गावी करडई असते म्हणे.

कॅब चुकली. असो. कुंडी आहे तिथेच आहे.